लाकडाला आलेला घाम

मे महिन्यात आमच्या अंगणातल्या लाकडाला घाम येतो. लाकूड म्हणजे रेल्वेचा जुना स्लीपर. पावणेतीन मीटर लांब, पंचवीस सेंटिमीटर रुंद, दोन ठिकाणी रुळाच्या बैठकीची खोल खूण आणि खिळ्यांची भोकं. मोरीच्या बाजूला दोन दगडांवर तो आडवा टाकलाय आणि गेली तीसेक वर्षं बाकडं म्हणून राबतोय. सकाळी त्यावर अण्णा बसतात, दुपारी मांजर. पण अक्षय्य तृतीयेच्या आसपास ऊन तापलं की मांजरही तिकडे फिरकत नाही. लाकडाच्या चिरांमधून काकवीसारखे दाट, काळपट थेंब वर येतात, फुगतात आणि खालच्या कडेला लोंबत राहतात. हाताला लागले तर साबणाने जात नाहीत. वास डांबरगोळ्यांच्या ट्रंकेसारखा, त्यात थोडा धूर मिसळलेला.

गेल्या मेमध्ये भाचीच्या नव्या फ्रॉकला असा एक थेंब लागला. आईने सवयीने रॉकेल शोधलं. रॉकेल आता कुठून मिळणार! शेवटी खोबरेल तेल चोळलं, तर डाग नुसता पसरला. भाची म्हणाली, "आज्जी, हे लाकूड वितळतंय का?" अण्णा हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण मी एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि इतकी वर्षं या बाकड्यावर बसून पेपर तपासूनही त्याच्याकडे कधी रसायन म्हणून पाहिलं नव्हतं.

तो घाम म्हणजे क्रिओसोट. दगडी कोळसा हवेशिवाय तापवला की कोक मिळतो आणि सोबत डांबर निघतं. त्या डांबराच्या ऊर्ध्वपातनातून हे तेल काढतात. त्यात शेकडो संयुगं असतात, त्यातली बरीचशी बेंझीनची कडी एकमेकांत अडकवून केलेली. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन हे त्या कुळातलं सगळ्यात धाकटं. थोरल्यांपैकी काही कर्करोगाला निमंत्रण देणारी म्हणून ओळखली जातात. वाळवी आणि बुरशी लाकडाला तोंड लावत नाही ती यामुळे. सागवान किंवा सालवृक्षाचं लाकूड असेल तर गोष्ट वेगळी, पण चीड, म्हणजे पाइन, उघड्यावर पावसात टिकत नाही. म्हणून पंजाबात ढिलवाँला, उत्तर प्रदेशात बरेलीजवळ क्लटरबकगंजला आणि आसामात नहरकटियाला रेल्वेने कारखाने उभारले. मोठाल्या लोखंडी नळकांड्यांत स्लीपर भरायचे, हवा ओढून घ्यायची आणि मग दाब देऊन तेल लाकडात ठासायचं. आमचा स्लीपर चिडाचा आहे असं अण्णा सांगतात. कुठून आला, किती वर्षं कुठल्या रुळाखाली झोपला, कुणालाच माहीत नाही. आमच्या सेक्शनमध्ये सिमेंटचे स्लीपर पडले तेव्हा जुने लिलावात गेले, आणि लिलाव घेणाऱ्याकडून अण्णांनी हा एक पाठीवर आणला. म्हणजे चौघांच्या पाठीवर.

ज्या काळी एका किलोमीटरात दीड हजाराच्या आसपास असे स्लीपर असायचे, त्या काळी प्रत्येक उन्हाळ्यात गावाबाहेरून जाणारी ती काळी रेघ असाच घाम गाळत असणार. आमच्या अंगणात एकच आहे, म्हणून दिसला इतकंच.

अण्णा चौतीस वर्षं गँगमन होते. आता ट्रॅकमेंटेनर म्हणतात. हातोडा, पहार आणि टोपली तीच. आमचं गाव भीमेच्या खोऱ्यातलं एक जंक्शन. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं कुणी प्रयोगशाळेत तपासलेलं नाही आणि न तपासता कुणाच्या नावावर बिल फाडायची मला इच्छा नाही.

लोकांना वाटतं रूळ म्हणजे कोरडं लोखंड. गँगमनच्या घरी रूळ ही सतत तेल पिणारी वस्तू होती. दिवाळीच्या सुमाराला, थंडी सुरू झाली की, सांध्यांना तेल द्यायचा हंगाम लागायचा. तो ऑक्टोबर ते फेब्रुवारी, वर्षातून एकदा, हे रेल्वेच्या नियमपुस्तकातच आहे. पाच किलो ग्रॅफाईटची भुकटी आणि तीन किलो रॉकेल असा लेप. फिशप्लेटचे, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचे, बोल्ट सोडायचे, प्लेट काढायची, रुळाची टोकं तारेच्या ब्रशने घासायची, कुठे चीर दिसते का ते पाहायचं, लेप लावायचा, प्लेट पुन्हा बसवायची, बोल्टांना काळं तेल. तेरा मीटरचा एक रूळ धरला तर किलोमीटरभरात दोन्ही बाजूंचे मिळून दीडशेच्या वर सांधे. "तेल दिलं नाही तर सांधा धरतो," अण्णा सांगायचे, "आणि सांधा धरला की मे महिन्यात रूळ नागासारखा वळतो. मग गाडी कुठं जाईल ते तिलाच ठाऊक." म्हणजे ते तेल उधळपट्टीचं नव्हतं. त्यावर माणसं जगत होती. आणि त्यातलं जेवढं प्लेटच्या आत राहायचं तेवढं राहायचं, बाकीचं खडीत.

शिवाय गाडी रूळ बदलते त्या पॉइंटच्या सरकपट्ट्यांवर तेल, वळणाच्या रुळाला आतून ग्रीस, जुन्या मालडब्यांच्या चाकांत कापसाच्या बोळ्यांत मुरवलेलं तेल. ते तेल आटलं की डबा गरम व्हायचा आणि गार्डाला धूर दिसायचा. या सगळ्याचा हिशोब स्टोअरमध्ये होता: किती डबे आले, किती संपले. संपलेलं गेलं कुठे, हा रकाना कुठल्याच वहीत नव्हता.

त्या हंगामात अण्णांचे हात पेन्सिलीच्या शिसासारखे चमकायचे. जेवताना भाकरीच्या कडेवर राखाडी बोटं उमटायची. आई त्यांचे कपडे वेगळे भिजवायची, धुण्याचा सोडा टाकून, आणि धुताना मोरीच्या पाटात एक वीट आडवी लावायची. एरवी मोरीचं पाणी परसातल्या अळूला आणि केळीला जायचं. वीट लावली की ते कुंपणाकडे वळायचं. "त्या कपड्यांचं पाणी अळूला नको," एवढंच तिचं म्हणणं. ती चौथी शिकलेली. तिला कुणी हायड्रोकार्बन सांगितले नव्हते. कुंपणाकडचा तो हातभर तुकडा कायम काळा, चिकट आणि भुंडा असायचा. सोड्याचाही त्यात हात असेल, सगळा दोष तेलाला देत नाही. पण आजही मला पर्यावरण या शब्दाबरोबर दुसरं काही न आठवता ती आडवी वीट आठवते.

मग डिझेल इंजिनं. १९६२ साली अमेरिकेतल्या ॲल्को कंपनीची या जातीची पहिली इंजिनं आपल्याकडे आली आणि १९६४पासून ती वाराणसीत बनायला लागली. डब्ल्यूडीएम-२ हे तिचं सरकारी नाव. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, डिझेलची टाकी ५००० लिटरची. रेल्वेवेड्यांना तिच्या आवाजाचं आणि काळ्या धुराचं भारी प्रेम. मलाही आहे, खोटं कशाला बोलू! पण शेडमधली माणसं तिला वेगळ्या कारणाने ओळखायची: ती गळायची. कुठल्या तरी सांध्यातून, कुठल्या तरी गॅस्केटातून, कुठून तरी. बंद केलेलं इंजिन पुन्हा चालू होईल न होईल, म्हणून ते तासन्‌तास सुरूच उभं असायचं आणि त्या वेळात खाली टप, टप.

कुठल्याही जुन्या स्थानकावर हे पाहता येतं. फलाटाच्या अगदी टोकाला जा, जिथे गाडीचं इंजिन येऊन थांबतं, आणि खाली बघा. बाकी सगळीकडे खडी राखाडी, आणि तिथे इंजिनाच्या लांबीएवढा काळा पट्टा. वर्षानुवर्षं एकाच जागी थांबणाऱ्या इंजिनाने जमिनीवर काढलेली स्वतःची सावली. शेतकरी ठिबक बसवतो तेव्हा ताशी किती लिटर ते ठरलेलं असतं. या ठिबकाला वेळापत्रक होतं ते फक्त गाडीचं.

खडी ही चाळणी आहे. तिचं कामच पाणी थांबू न देणं. पाणी साचलं तर रुळाखालची माती चिखल होते आणि स्लीपर वरखाली नाचायला लागतात. त्यामुळे वरून जे पडेल ते हातभर खडीतून सरळ खालच्या भरावावर जातं. पुढची गोष्ट जमिनीवर अवलंबून. आमच्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या हा ठिसूळ खडक, मग काळा पाषाण. काळी माती ओली असताना डबा बंद केल्यासारखी, काही आत जाऊ देत नाही. पण फाल्गुन-चैत्रात तिला भेगा पडतात, पाय जाईल एवढ्या. तेलासाठी त्या आयत्या मोऱ्या. एकदा मुरमापर्यंत पोचलं की मग पाषाणातल्या फटी, आणि फटींना शेताचे बांध माहीत नसतात.

वरच्या थरात सगळंच वाईट घडतं असं नाही. हलका भाग उन्हाने उडून जातो. मातीतले जिवाणू तेल खातात, अगदी आवडीने. त्यांना हवा, ओल आणि थोडा नत्र मिळाला पाहिजे. अडचण खाली आहे. खोल गेलं की हवा संपते आणि जिवाणूंची जेवणाची गती मंदावते. आणि जड तेल मातीच्या कणाकणाला इतकं चोपडलेलं असतं की पाणीच आत शिरत नाही. आमच्या जंक्शनची एक सायडिंग, म्हणजे बाजूची लाईन, उखडली तेव्हा मी तिथली मूठभर माती आणून वर्गात टेबलावर ठेवली होती. ड्रॉपरने एक थेंब पाणी टाकलं. थेंब मोत्यासारखा गोल होऊन मातीवर बसून राहिला, अळूच्या पानावर बसतो तसा. शेजारच्या वाटीत शेतातली माती होती, तिथे थेंब टेकताक्षणी गडप. मुलं पहिल्यांदाच तास संपल्यावर बाकावरून हलली नाहीत. एकाने घड्याळ लावलं. तास संपून सहा मिनिटं झाली तरी मोती तसाच होता. मागच्या बाकावरचा एक म्हणाला, "मॅडम, ही माती तहान विसरलीय." मी त्याला एरवी कमी गुण देते.

आता विहीर. जुन्या कॉलनीच्या मागे, डिझेल भरायच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर एक विहीर आहे. तिला सगळे रॉकेलची विहीर म्हणतात. आमच्या लहानपणीच तिचं पाणी प्यायचं बंद झालं होतं; भांडी घासायला, गाड्या धुवायला चालायचं. तिच्याबद्दल बायकांमध्ये एक ठाम समज होता: वैशाखात वास मारते, श्रावणात नाही. मोठी माणसं म्हणायची, उन्हाळ्यात विहीर तापते म्हणून. मी शिकले-सवरले तेव्हा मला वाटलं, हा खास आमच्या गावचा अडाणीपणा. पावसाळ्यात पाणी जास्त म्हणून वास पातळ होत असेल, झालं.

नंतर कळलं की बायका जे बघत होत्या ते जगभरच्या भूजलवाल्यांना ठाऊक आहे. डिझेल पाण्यापेक्षा हलकं. ते जमिनीतून उतरत भूजलाच्या पातळीला पोचतं आणि पाण्याच्या पाठीवर बसतं. आमच्याकडे आश्विन ते वैशाख पाणी कितीतरी हात खाली जातं. तेल त्याच्या पाठीवरून उतरतं आणि उतरताना वाटेतला सगळा मुरूम चोपडत जातं. मृग लागला, पाणी चढलं, की तेलाचे थेंब मुरमाच्या फटींत पाण्याखाली अडकून बसतात. विहिरीत येत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की सुटतात आणि विहिरीत गोळा होतात. म्हणजे आपल्या पावसाळ्या-उन्हाळ्याचा रहाट हे तेल वरखाली फिरवत राहतो आणि दरवर्षी तोच थर नव्याने माखतो. श्रावणात विहीर बरी व्हायची नाही. गप्प व्हायची.

गेल्या एप्रिलमध्ये मी तिथे गेले. कठडा ढासळलेला, आत पिंपळ उगवलेला, पाणी पंधराएक पायऱ्या खाली. पाण्यावर इंद्रधनुष्यी साय होती. पण नुसत्या सायीवर विश्वास ठेवायचा नसतो. लोह खाणारे जिवाणू असतात, त्यांचीही अशीच रंगीत साय धरते आणि भोळी माणसं उगाच तेल सापडलं म्हणून आनंदतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. काठी घालायची. जिवाणूंची साय पापुद्र्यासारखी तुटते आणि तुकडे वेगळे तरंगतात. तेलाची असेल तर काठी काढली की कडा पुन्हा एकमेकींना येऊन मिळतात. मी पायऱ्या उतरले, सुकलेली फांदी घेतली, साय दुभंगली. निळा-जांभळा रंग बाजूला सरला, मध्ये काळं पाणी दिसलं. फांदी उचलली. तीन-चार सेकंद लागले असतील. कडा वळल्या, सरकल्या आणि भरून आलं सगळं, जणू मी काठी घातलीच नव्हती.

क्रिओसोटचं याच्या उलट. ते पाण्यापेक्षा जड. ते भूजलावर तरंगत नाही, त्यातून बुडत खाली जातं आणि जिथे अडेल तिथे तळाशी बसतं. वरून साय दिसत नाही, म्हणून कळत नाही. अमेरिकेत ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्ड भागात रेल्वेचे स्लीपर क्रिओसोटात बुडवायचा कारखाना होता. तो १९८०च्या दशकात बंद झाला, पण ते खाली उतरलेलं राहिलंच, आणि त्याने दूषित झालेलं भूजल आसपासच्या घरांखाली पसरलं. २०१९मध्ये टेक्सासच्या आरोग्य विभागाला त्या वस्तीत काही कर्करोगांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आढळलं. वस्ती बहुतेक कृष्णवर्णीय आणि कष्टकरी. रेल्वेला चिकटून घर घेणारा माणूस जगात सगळीकडे साधारण एकाच उत्पन्नगटातला असतो.

रेल्वेतून पडणाऱ्या द्रवांचं बोलायचं आणि संडास टाळायचा, हे काही बरं नाही. ओखिलबाबू नावाच्या प्रवाशाने १९०९मध्ये रेल्वेला लिहिलेलं पत्र सगळ्यांनी वाचलेलं असतं: फणस खाऊन पोट बिघडलं, गाडी सुटली, एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर. त्यानंतर डब्यात भोकं आली असं सांगतात. त्या भोकाखाली कोण उभं असायचं, त्याचं पत्र कुणी लिहिलं नाही. अण्णा आणि त्यांची गँग गाडी आली की उताराला सरकून पाठ फिरवून उभी राहायची, टोपी कानांवर ओढून. अण्णा त्याला "गंगास्नान" म्हणायचे आणि घरात शिरण्याआधी अंगणातच अंघोळ करायचे. रुळाचीही तीच गत. मुताचा क्षार आणि ओल रुळाच्या पायाशी, लायनर नावाच्या पट्टीखाली साचते आणि लोखंड तिथेच आतून खाल्लं जातं. २०१२ साली अनिल काकोडकरांच्या समितीने रेल्वे सुरक्षेवरच्या अहवालात उघडे संडास बंद करा म्हणून सांगितलं त्यात हे गंजणंही होतं. तोवर डीआरडीओच्या जिवाणूंच्या टाक्या आल्या होत्या. २०११ला ग्वाल्हेरहून सुटणाऱ्या बुंदेलखंड एक्स्प्रेसमध्ये त्या बसल्या, पुढे सगळीकडे. २०१७मध्ये कॅगने त्यांच्या तुंबण्यावर आणि वासावर ताशेरे ओढले, तरी मी त्या बाजूने आहे. आत्ताच्या गँगवाल्या पोरांना टोपी कानांवर ओढावी लागत नाही. टाकीतून बाहेर पडणारं पाणी अजून रुळातच जातं, पण ते निदान पाणी असतं, म्हणजे असायला हवं.

आणि आता वीज. कोकण रेल्वेवरसुद्धा २०२२पासून विजेची इंजिनं धावतात, आमच्या जंक्शनवर डिझेल भरायची जागा ओस आहे. अण्णांच्या मते प्रश्न मिटला. मी त्यांना पाओलीची गोष्ट सांगितली. फिलाडेल्फियाजवळचं रेल्वे यार्ड, विजेच्या लोकल गाड्या, धूर नाही की डिझेल नाही. पण गाड्यांच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये पीसीबी नावाचं न पेटणारं, न कुजणारं तेल होतं. दुरुस्ती करताना ते सांडलं, यार्डाच्या मातीत मुरलं, पावसाबरोबर ओढ्यात गेलं आणि माशांत सापडलं. १९९०मध्ये ते यार्ड अमेरिकेच्या सर्वांत दूषित जागांच्या सरकारी यादीत गेलं. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंजे तारेवरची गाडी बी गळतीच की." विषारी पीसीबीचा जमाना गेला, पण ट्रान्सफॉर्मरला तेल अजून लागतं. वापरलेलं तेल आपल्याकडेही २०१६च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं, शेडमध्ये सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा असते. हे सगळं आजच्या तेलासाठी. साठ वर्षांचं खाली आहे त्याला कुठला फॉर्म भरायचा?

तर फ्रॉकच्या डागानंतर मी ठरवलं, स्लीपर घराबाहेर काढायचा. मग कळलं की तो काढून ठेवायला जगात जागा नाही. जाळायचा म्हटलं तर त्याचा धूर सगळ्यांत वाईट. आई सांगते, कॉलनीत काही जणी बंबात स्लीपरच्या ढलप्या घालायच्या, त्यांच्या घरी दार उघडलं की डोळे चुरचुरायचे. पुरायचा म्हटलं तर जे टाळायचं तेच. भंगारवाला आला, वाकून वास घेतला, लोखंड असतं तर बघितलं असतं म्हणाला. वखारवाल्याने करवत खराब होते म्हणून नाही सांगितलं. नगरपालिकेच्या घंटागाडीवरच्या मुलाने विचारलं, "ताई, ओला का सुका?"

शेवटी अण्णांनी तोडगा काढला. शेडवरचा एक जुना पत्रा होता, तो चारी कडांनी वाकवून परातीसारखा केला आणि दोन दगडांच्या मध्ये स्लीपरखाली सरकवला. आईने तुळशीचं वृंदावन उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. कुणी सांगितलं नव्हतं. भाचीला बसायला प्लास्टिकची खुर्ची आणली. अण्णा अजून स्लीपरवरच बसतात, खाली पोतं टाकून.

या मेमध्ये एका संध्याकाळी कॉलेजातून आले तर ते ओणवे होऊन पत्र्यात बघत होते. काडीने काहीतरी टोकरत होते.

"आज अकरा," म्हणाले. "काल सात होते."